रेंजफाइंडरवर ९० मिमी एफ २: कान शार्प, डोळा गेलेला, असं का होतं आणि काय करायचं

लायका एम किंवा तसली दुसरी रेंजफाइंडर बॉडी (म्हणजे फाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस लावायचा कॅमेरा) घेतली की पहिली एक-दोन वर्षं ३५ आणि ५० मिमीच्या लेन्सवर मजेत जातात. मग कधीतरी ९० मिमी एफ २ किंवा ७५ मिमी एफ १.५ हातात येते, पहिला रोल धुऊन येतो आणि बघावं तर निम्म्या फोटोंत कान झकास शार्प आणि डोळे लोण्यासारखे. लगेच फोन येतो, "अरे लेन्स सॉफ्ट आहे वाटतं, विकून टाकू का?"

थांबा. लेन्स क्वचितच सॉफ्ट असते. बहुतेक वेळा गडबड असते ती तपासणीच्या क्रमात आणि फोकस झाल्यापासून शटर दाबेपर्यंतच्या त्या दीड सेकंदात. खाली दिलेला क्रम मोडू नका, कारण लोक नेमकं उलटं करतात, आधी कॅमेरा उघडायला देतात आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा चष्मा तपासतात (मीही हेच केलंय, त्याबद्दल पुढे येईलच).

सगळे आकडे ३५ मिमी फुल फ्रेमचे आहेत आणि उदाहरण ९० मिमी एफ २ चं, कारण माझ्याकडे तीच आहे. ७५ एफ १.५ किंवा ८५ एफ २ वाल्यांनी थोडं इकडे तिकडे धरून चालावं.

१. आधी हिशोब: हातात किती जागा आहे

फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका शार्पच समजायचा हे नेहमीचं माप धरलं तर ९० मिमी एफ २ ला फोकसची एकूण खोली अशी येते:

१ मीटरवर साधारण १३ मिमी
१.५ मीटरवर ३१ मिमी
२ मीटरवर ५७ मिमी
३ मीटरवर १३ सेंटिमीटर

म्हणजे खांद्यापर्यंतचा पोर्ट्रेट दीड मीटरवरून काढताय तर डोळ्याच्या पुढे दीड सेंटिमीटर आणि मागे दीड सेंटिमीटर, संपलं. एफ २.८ केलं तर ३१ चे ४४ मिमी होतात, फार काही फरक नाही. डिजिटलवर शंभर टक्के झूम करून बघायची सवय असेल तर याहून कमी समजा.

आता दुसरी बाजू. रेंजफाइंडर किती बारीक मोजू शकतो हे त्याच्या इफेक्टिव्ह बेसवर ठरतं, म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन. ९० एफ २ ला साधारण ४० मिमी तरी बेस लागतो. लायका एम ३ ला साधारण ६२ मिमी मिळतो, ०.७२ फाइंडरच्या एम ६ ला ५०, कॅनन ७ ला ४७ च्या आसपास. एम ६ टीटीएलच्या ०.५८ वाल्या मॉडेलला जेमतेम ४०. फोग्टलेंडर बेसा आर २ ए ला फक्त २६ आणि आर ३ ए ला ३७.

याचा अर्थ बेसा आर २ ए वर ९० एफ २ चालणारच नाही असा नाही, एफ ४ ला छान चालेल. पण दीड मीटरवर एफ २ ला दर फोटो शार्प हवा असेल तर ते लॉटरीचं तिकीट आहे, त्यात लेन्सचा दोष नाही.

५० मिमी बेसवर तुमच्या डोळ्याने एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी चूक केली तरी दीड मीटरवर फोकस १३-१४ मिमी सरकतो. म्हणजे पुढची सगळी दीड सेंटिमीटर एकट्या डोळ्यानेच खाल्ली. चांगल्या उजेडात, स्पष्ट कडा मिळाली तर डोळा याच्यापेक्षा बरंच बारीक जुळवतो, म्हणून तर हे जमतं. पण गाल, कपाळ, साधी साडी असल्या कडा नसलेल्या जागेवर नाही जमत.

०.७२ वर १.२५ पटीचा मॅग्निफायर लावला की बेस ५० चा ६२ होतो, म्हणजे एम ३ एवढा. महागडी बॉडी बदलण्याआधी तो छोटा स्क्रू-इन भिंगाचा तुकडा बघा. मात्र तो लावल्यावर २८-३५ च्या फ्रेमलाइन (फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या फाइंडरमधल्या चौकटी) दिसत नाहीत, काढ-घाल करावी लागते आणि दोरी न बांधता वापरला तर हरवतो, हे नक्की.

२. स्वतःचा डोळा

हा टप्पा सगळे टाळतात. एम कॅमेऱ्याच्या फाइंडरमध्ये मुळातच उणे अर्धा डायऑप्टर, म्हणजे चष्म्यासारखा उणे अर्धा नंबर, असतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला तो कधी जाचायला लागतो ते कळतही नाही. पॅच, म्हणजे मधला उजळ चौकोन, दिसत असतो, दोन प्रतिमा जुळतायत असंही वाटत असतं, पण "जुळल्या" आणि "जुळल्यासारख्या वाटल्या" यात जो फरक आहे तोच तुमचा कान आणि डोळा.

असं तपासा: कॅमेरा दूरच्या इमारतीकडे धरा. फ्रेमलाइनच्या कडा धारदार दिसतात का? पॅचची चौकट चाकूने कापल्यासारखी दिसते का? नसेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढायच्या पेटीतली अधिक अर्धा, अधिक एक, उणे अर्धा अशी भिंगं एकेक करून आयपीससमोर धरून बघा. दुकानदार आधी विचित्र नजरेने बघतो, मग त्यालाच मजा यायला लागते. ज्या भिंगाने पॅच कडक दिसेल तेवढ्या नंबरचं करेक्शन आयपीस घ्यायचं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर साध्या आयपीसने तो जाणार नाही, चष्मा लावूनच बघायला लागेल, मग आयपीसभोवती रबराची रिंग लावा नाहीतर चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतात.

मी स्वतः एक बॉडी दोनदा ॲडजस्ट करून घेतली, पैसे गेले, सहा आठवडे गेले, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याचा नंबर पाऊणने बदललाय. बॉडी पहिल्यापासून बरोबर होती.

तीन काचा पुसा: मागचं आयपीस, पुढची मोठी खिडकी आणि ती पुढची छोटी रेंजफाइंडरची खिडकी. तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा असतोच असतो, कारण डाव्या हाताचं बोट तिथेच जातं. त्याने पॅच धुरकट होतो आणि माणूस म्हणतो रेंजफाइंडर म्हातारा झाला.

३. पॅच खरं बोलतोय का

आता बॉडी. आधी ५० मिमी लावा, ९० नाही. ५० ने बॉडीबद्दल कळतं आणि ९० ने बॉडी अधिक लेन्स अशी दोघांची बेरीज कळते, म्हणून एकदम ९० ने सुरुवात केली की दोष कुणाचा ते वेगळं करता येत नाही.

फोकसची रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला, टेकवा आणि किमान एक किलोमीटर लांबची उभी कडा शोधा, मोबाईल टॉवर, उंच इमारतीचा कोपरा, पाण्याची टाकी. सकाळी बघा, दुपारी गच्चीवरून बघाल तर तापलेल्या हवेत टॉवरच नाचत असतो. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. मग तेच ९० लावून.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅचमधली प्रतिमा वर किंवा खाली सरकलेली असेल, म्हणजे उभ्या दिशेने चुकलेली, तर त्याने थेट फोकस चुकत नाही, फक्त जुळवायला त्रास होतो. आडव्या दिशेने चुकली तर मात्र फोकसच चुकतो.

सावध: आरशात बघत स्वतःच स्क्रू फिरवायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. इन्फिनिटीचा स्क्रू फिरवला की जवळचं अंतरही हलतं, आणि दोन्ही एकत्र जुळवायला योग्य जिग, म्हणजे मोजमापाचा साचा, लागतो. पुढची टेस्ट केल्याशिवाय तर अजिबात हात लावू नका.

४. कागदावरची टेस्ट

ट्रायपॉड लागेलच. हातात धरून केलेली टेस्ट म्हणजे फक्त तुमच्या श्वासाची टेस्ट.

टेबलावर पेन्सिल सेल सहा-सात ठेवा, तिरक्या रांगेत, प्रत्येक सेल मागच्यापेक्षा एक सेंटिमीटर जवळ, आणि मधल्या सेलवर बारीक उभी रेघ मारा. किंवा ४५ अंशात तिरकी ठेवलेली मोठी पट्टी चालेल, फक्त पट्टीवरच्या १० मिमीचा अर्थ खोलीत ७ मिमी एवढाच असतो हे विसरू नका. कॅमेऱ्यापासून मधल्या सेलपर्यंत टेपने मोजून दीड मीटर.

मग:

पहिल्यांदा एफ २ वर पाच फोटो. दर फोटोआधी रिंग पूर्ण इन्फिनिटीला नेऊन परत यायचं, आणि नेहमी एकाच बाजूने, मी लांबून जवळ असा येतो. दोन्ही बाजूंनी शोधत बसलात तर जुन्या हेलिकॉइडमधली (लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांमधली) ढिलाई आणि तुमचा स्वतःचा गोंधळ दोन्ही मोजमापात घुसतात.

दुसऱ्यांदा रिंगला हात न लावता एफ २.८, ४ आणि ५.६ वर एकेक.

तिसऱ्यांदा हेच सगळं १ मीटरवर आणि ३ मीटरवर.

फिल्मवर करताय तर प्रत्येक फ्रेममध्ये चिठ्ठी ठेवा, "१.५ मी, एफ २, तिसरा" अशी, नंतर आठवणार नाही. डिजिटल एमवर लाइव्ह व्ह्यू असेल तर काम खूप सोपं: लाइव्ह व्ह्यूने मोठं करून फोकस लावा, मग फाइंडरमधून बघा पॅच जुळलाय का. रोल न जाळता पाच मिनिटांत निकाल.

५. निकाल कसा वाचायचा

इथे घाई नको, कारण दुरुस्तीवाल्याला तुम्ही काय सांगता त्यावर तो काय उघडेल ते ठरतं.

पाचही फोटोंत फोकस वेगवेगळ्या ठिकाणी पडला, कधी पुढे कधी मागे, तर रेंजफाइंडर नाही, तुम्ही चुकताय. परत दुसऱ्या टप्प्यावर जा, किंवा बेस कमी पडतोय.

पाचही एकाच बाजूला, एकाच अंतराने चुकले, आणि ५० मिमीही त्याच बाजूला चुकते, तर बॉडीचा रेंजफाइंडर. ५० बरोबर आणि ९० एकटीच चुकते, तर लेन्स. ५० ला छोटी चूक झाकली जाते हेही आहेच, म्हणून ५० सुद्धा तिच्या सगळ्यात उघड्या ॲपर्चरला आणि जवळून तपासलेली बरी.

इन्फिनिटी बरोबर पण जवळ आलं की चुकतं: जुन्या रशियन ज्युपिटर ९ च्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं. ती ८५ मिमी एफ २, स्वस्तात मिळते, सुंदर दिसते, पण सोव्हिएत लेन्सचं रेंजफाइंडरशी जुळणं झाइसच्या मापावर बेतलेलं होतं आणि लायकाचं माप थोडं वेगळं आहे, त्यामुळे लांबचं जुळवलं की जवळचं सुटतं. एक तर कुणाकडून पोर्ट्रेटच्या अंतरासाठी जुळवून घ्या आणि इन्फिनिटी सोडून द्या, नाहीतर एफ ४ च्या खाली जाऊ नका.

स्क्रू माउंटची लेन्स ॲडॅप्टरवर लावली असेल तर आधी ॲडॅप्टरवर संशय घ्या. त्याची जाडी बरोबर १ मिमी हवी. स्वस्त ॲडॅप्टर एका बाजूला जाड एका बाजूला पातळ असतात. आणि ॲडॅप्टर वेगवेगळ्या फ्रेमलाइनचे येतात, ५०/७५ चा वेगळा, २८/९० चा वेगळा. ९० च्या लेन्सला ५० चा लावलात तर फाइंडरमध्ये भलतीच चौकट येईल आणि सगळे फोटो डोकी कापलेले.

एफ २ ला बरोबर, पण २.८ आणि ४ ला शार्प भाग हळूहळू मागे सरकत गेला, तर तो फोकस शिफ्ट. सोनार पद्धतीच्या जुन्या डिझाइनमध्ये तो असतो. दुरुस्ती नाही, स्वभाव आहे. एक ॲपर्चर ठरवून त्यालाच लेन्स जुळवून घ्या, किंवा लक्षात ठेवा की २.८ ला डोळ्याऐवजी पापणीच्या जरा पुढे लावायचं.

६. बाहेर पडण्याआधी: उजेड, स्पीड, कॅप

आपल्याकडच्या उन्हात फास्ट लेन्स पूर्ण उघडी वापरायची तर गणित आधी घरी करा. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर १/१२५ धरलं तर एफ २ वर १/८००० लागतो. फिल्म एम बॉडीचा सगळ्यात वेगवान शटर १/१०००. म्हणजे तीन स्टॉप जास्त (दर स्टॉपला उजेड दुप्पट). उजेड कमी करणारा तीन स्टॉपचा एनडी ८ फिल्टर लावला की बरोबर बसतं. आयएसओ ४०० चा रोल घालून बसलात तर पाच स्टॉपची सोय करायला लागेल, म्हणून उन्हाळ्यात दुपारी पोर्ट्रेट काढायचेत तर ४०० घालूच नका.

रेंजफाइंडरची इथे एक मजा आहे, एनडी लावला तरी फाइंडर अंधारत नाही, फोकस तितकाच सोपा राहतो. तोटाही तोच. फिल्टर लावलाय हे दिसत नाही. संध्याकाळी काढायचा राहून जातो आणि सगळा रोल तीन स्टॉप खाली. बॉडीतलं मीटर लेन्समधून बघत असेल तर ते सांभाळून घेतं, हातातलं मीटर घेणाऱ्यांनी मनात तीन स्टॉप वजा करायचे.

स्पीड १/२५० ठेवा, निदान १/१२५. आरसा नाही म्हणून १/३० ला पण धरता येतो अशा गोष्टी ३५ मिमीच्या, ९० ला हात हलतो आणि समोरचा माणूसही श्वास घेतो.

सावध: रेंजफाइंडरमध्ये कापडी शटरच्या पुढे आरसा नसतो. फास्ट लेन्स, ॲपर्चर उघडं, रिंग इन्फिनिटीला, आणि कॅमेरा गळ्यात लटकताना सूर्याकडे तोंड, तर भिंगाने कागद जाळतो तसं पडद्याला भोक पडतं. मग प्रत्येक फोटोत एक पांढरा ठिपका. न वापरताना कॅप लावा, नाहीतर एफ १६ आणि रिंग जवळच्या अंतरावर. आणि कॅप लावली की ती काढायची आठवण फाइंडर करून देणार नाही, कारण त्यातून सगळं छान दिसतच राहतं.

७. फोकसचा क्रम

आता खरं काम. चूक सगळ्यात जास्त इथे होते.

अ) आधी फ्रेम, मग फोकस. लोक आधी डोळ्यावर फोकस लावतात, मग निवांत फ्रेम शोधायला लागतात, तोवर ते स्वतः दोन सेंटिमीटर पुढे झुकलेले असतात. आधी उभं कुठे राहायचं, डोकं चौकटीत कुठे येणार, मागे तारांचं जंजाळ आहे का हे ठरवून टाका. मगच पॅच डोळ्यावर न्या.

आ) कडा निवडा. रेंजफाइंडरची दुसरी प्रतिमा कॅमेऱ्याच्या लांबीच्या दिशेनेच सरकते. कॅमेरा आडवा धरला तर उभ्या कडा जुळवायच्या, बुबुळाची बाजू, नाकाची उभी कड, चष्म्याची काडी नको पण फ्रेमची बाजूची कड चालेल. कॅमेरा उभा धरला तर उलटं, आता आडव्या कडा लागतात, वरची पापणी, चष्म्याच्या फ्रेमची वरची रेघ. उभा कॅमेरा धरून बुबुळाच्या उभ्या कडेवर दहा सेकंद झगडणारे लोक मी पाहिलेत, कधीच जुळणार नाही ते. सगळ्यात उत्तम म्हणजे डोळ्यातला खिडकीचा चमकता ठिपका, तो दोन दिसतात, एक झाला की झालं, कॅमेरा कसाही धरा.

नथीवर किंवा टिकलीवर फोकस लावू नका. नथ चमकते, पॅचमध्ये झटकन जुळते म्हणून मोह होतो, पण ती डोळ्याच्या बरीच पुढे असते, आणि तुमच्याकडे पुढे-मागे मिळून तीनच सेंटिमीटर आहेत. लग्नातले निम्मे फोटो या नथीने घालवलेले असतात. तिरका चेहरा असेल तर जवळचा डोळा, चर्चा नाही.

इ) लांबून जवळ, एकदाच. प्रतिमा जुळली की रिंग सोडा. पुढे जाऊन परत मागे येऊन खात्री करत बसू नका. पहिलं जुळणं बहुतेक वेळा बरोबर असतं, तिसऱ्या खात्रीला डोळा थकलेला असतो.

ई) पॅच आणि डोळा यातलं अंतर कमी ठेवा. फोकस मधल्या चौकोनात लागतो पण डोळा फ्रेममध्ये वर हवा असतो, म्हणून आपण कॅमेरा खाली कलवतो. कलवला की फोकसची पातळी कॅमेऱ्याबरोबर फिरते आणि डोळ्याच्या मागे जाते. कान शार्प येतात ते यामुळेच! दीड मीटरवर, उभ्या फ्रेममध्ये डोळा मध्यापासून ९ मिमी वर ठेवलात (फिल्मवर मोजलेले) तर फोकस सात-साडेसात मिमी मागे पडतो. १२ मिमी वर ठेवलात तर १३ मिमी, म्हणजे पुढचं दीड सेंटिमीटर जवळपास साफ. पण ५ मिमीच वर ठेवलात तर दोन-सव्वादोन मिमी. अंतर निम्मं केलं की चूक चौपट कमी.

यावर तीन उपाय सांगतात. पहिला, कलवायचा नाही, गुडघे वाकवून कॅमेरा सरळ खाली न्यायचा. कागदावर बरोबर, प्रत्यक्षात १४ सेंटिमीटर खाली जावं लागतं आणि गुडघे वाकवताना माणूस पुढे झुकतोच, त्यामुळे एक चूक काढून दुसरी आणली. दुसरा, कलवल्यावर जरासं मागे रेलायचं. हा सवयीने जमतो, मी वापरतो, पण शिकायला चार-पाच रोल जातात. तिसरा, डोळा मध्याच्या जवळच ठेवायचा आणि नंतर वरून कापायचा. नवशिक्याने हाच करावा. कुणी हसलं तर हसू दे.

उ) शरीराने फोकस. जवळच्या अंतरावर, सव्वा-दीड मीटरच्या आत, मी रिंग फिरवणं सोडून देतो. अंतर ठरवून रिंग तिथे ठेवायची, मग कंबरेतून हळूच पुढे झुकत जायचं आणि ठिपका एक झाला की दाबायचं. रिंग फिरवणं, थांबणं, श्वास सोडणं, दाबणं या सगळ्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात उभा माणूस एखादा सेंटिमीटर सहज डोलतो. झुकत झुकत दाबलं की तो डोलच कामाला येतो. भिंतीला किंवा खांबाला खांदा टेकवला तर अजून बरं.

समोरच्या माणसाला खुर्चीत बसवा, पाठ टेकवून. आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलतं ठेवा पण पुढे वाकून ऐकायला लागेल इतक्या हळू बोलू नका, ते पुढे येतात आणि फोकस गेला.

ऊ) तीन फोटो. एक नाही. तिन्हीआधी फोकस सोडून परत लावायचा. एकाच फोकसवर तीन फोटो म्हणजे एकच चूक तीनदा.

तपासा: दाबताना दुसऱ्या हाताचं बोट छोट्या खिडकीवर आलं का? पॅच अचानक गायब झाला तर कॅमेरा बिघडला नाही, बोट आडवं आलंय.

८. चौकट

हे थोडक्यात. ९० ची चौकट ०.७२ फाइंडरमध्ये लहान दिसते, आणि मोठ्या लेन्सचा हूड खालचा उजवा कोपरा खातो. त्या कोपऱ्यात काय आहे ते हूड काढून एकदा बघून घ्या. ७५ ला एम ६ मध्ये फक्त कोपऱ्यांचे तुकडे दिसतात आणि ते ५० च्या चौकटीच्या आत असतात, घाईत माणूस ५० ची चौकट धरून फ्रेम करतो आणि डोकी कापतो. फ्रेमलाइन जवळच्या अंतराचा हिशोब धरून आखलेल्या असतात, त्यामुळे लांबच्या विषयाला प्रत्यक्ष फोटोत चौकटीपेक्षा जास्त येतं. जवळ गेलात की चौकट तिरकी सरकते, तिचा आकार बदलत नाही. जवळून पोर्ट्रेटला डोक्यावर बोटभर जागा सोडा.

९. हलणारी माणसं, कमी उजेड

ही लेन्स खरं तर इथे सगळ्यात छान. रेंजफाइंडरचं शटर हळू वाजतं, नाटकाच्या तालमीत कुणी वळून बघत नाही. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत पुण्यातल्या कॉलेजांच्या तालमी चालतात, ट्यूबलाइटच्या उजेडात, आणि तिथे आयएसओ १६०० ला एफ २ वर १/१२५ मिळतो कधी मिळत नाही.

चार मीटरवरून ९० एफ २ ला २३ सेंटिमीटर खोली मिळते. पोर्ट्रेटच्या मानाने राजेशाही. म्हणून पाठलाग करू नका. नट कुठे येऊन थांबतो ते पहिल्या तालमीत बघा, खडूची खूण असतेच, त्या जागी आधीच फोकस लावून ठेवा आणि तो तिथे येण्याची वाट बघा. पॅच अंधारात दिसत नसेल तर चेहऱ्यावर लावू नका, शर्टाच्या कॉलरची कड, केसांवर मागून पडलेला उजेड, खुर्चीची दांडी, जे त्याच अंतरावर आहे ते धरा. खूण आणि अंतर एकदा रिंगवर वाचून ठेवलं की फाइंडरकडे न बघता बोटाने रिंग तिथे नेता येते, रिंगवरच्या खाचेचा अंगठ्याला अंदाज येतो.

नाचणाऱ्या किंवा सरळ तुमच्याकडे धावत येणाऱ्या माणसाला हे लागू नाही. तिथे एफ ५.६ करा किंवा ३५ लावा.

१०. रोल आल्यावर

स्कॅन बघून लगेच निष्कर्ष काढू नका. आधी ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, बघा. ग्रेन कडक आहे आणि डोळा मऊ, तर फोकस चुकलाय. ग्रेनच मऊ आहे तर स्कॅनर चुकलाय, निगेटिव्ह लाइट टेबलवर लूपने, म्हणजे छोट्या भिंगाने, बघा.

मग शार्प काय आलंय ते शोधा. सगळ्या फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी शार्प असतंच. कान शार्प म्हणजे मागे पडला: कलवण्याची चूक, किंवा फोकसनंतर तुम्ही पुढे झुकलात. नाकाचं टोक किंवा नथ शार्प म्हणजे पुढे पडला: कडा चुकीची निवडली किंवा तुम्ही मागे डोललात. काहीच शार्प नाही म्हणजे हात हलला, स्पीड वाढवा. हे प्रत्येक फ्रेमसमोर वहीत लिहा, नुसतं "मागे", "पुढे", "हलला". दोन रोलनंतर पानावर एकच शब्द जास्त वेळा दिसायला लागतो. माझ्या वहीत "मागे" होता, सलग चौदा वेळा, आणि मी तोवर लेन्स विकायला फोटोसुद्धा काढून ठेवले होते.